फास्टाचं पीआयआर: हातानं की स्क्रिप्टनं?

पाषाणकर: मॉडेलर म्हणजे माहीत असलेल्या रचनेवरून प्रोटीनचं त्रिमितीय मॉडेल बांधणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी फास्टा फाइल (नुसता सीक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम) नोटपॅडमध्ये उघडून हातानं पीआयआर (मॉडेलरला लागणारा फॉरमॅट) करणं बंद करा. हेडरनंतरच्या ओळीत दहा रकाने, म्हणजे नऊ कोलन लागतात. माणूस आठ टाकतो. सीक्वेन्सच्या शेवटचा स्टार राहून जातो. बायोपायथॉन या पायथॉनच्या लायब्ररीत कन्व्हर्टची एक ओळ पुरते.

सिंहगड_रोड: ती चालवून पुढे तयार झालेली फाइल वाचलीत का? पुण्यात पाट्या वाचतो, तेवढ्याच बारकाईनं वाचा. दुसऱ्या ओळीत फास्टाचं वर्णनच उतरलेलं असतं. स्ट्रक्चरएक्स (रचना एक्स-रेची असल्याची खूण), पीडीबी (प्रोटीन रचनांचा डेटाबेस) कोड, पहिला रेसिड्यू (अमिनो आम्ल), चेन (साखळी), यातलं काही नाही. फास्टात नसलेलं ते बिचारं आणणार कुठून?

पाषाणकर: मग तीही ओळ स्क्रिप्टनंच लिहायची.

सिंहगड_रोड: लिहा की! पण आकडे कुठले घालणार? मानवी हिमोग्लोबिनची अल्फा चेन घ्या. युनिप्रॉट या सीक्वेन्सच्या डेटाबेसवर १४२ रेसिड्यू, कारण सुरुवातीचं मेथिओनिन धरलेलं असतं. पीडीबीतल्या १ए३एन या रचनेत १४१, पहिलं व्हॅलीन. युनिप्रॉटचा सीक्वेन्स टेम्प्लेटच्या (नमुना म्हणून घेतलेल्या रचनेच्या) जागी घातला की अलाइनमेंट (सीक्वेन्सची समोरासमोर मांडणी) आणि पीडीबीत फरक आहे म्हणत मॉडेलर थांबतं. आणि लोक कोलन मोजत बसतात!

औंधवाले: भांडण चुकीच्या फाइलीवर चाललंय. टेम्प्लेटचा सीक्वेन्स फास्टातून आणायचाच कशाला? पीडीबीच्या साइटवरचा फास्टाही प्रयोगात वापरलेल्या पूर्ण प्रोटीनचा असतो. क्रिस्टलमध्ये न दिसलेले लूप त्यात असतात, पण पीडीबी फाइलीत अणूंच्या जागा देणाऱ्या अ‍ॅटमच्या ओळींत नसतात. मॉडेलरलाच रचना वाचायला लावा, अपेंड-मॉडेल या कमांडनं तिचा सीक्वेन्स अलाइनमेंटमध्ये घाला आणि अलाइनमेंट पीआयआरमध्ये लिहून घ्या. दुसरी ओळ, दोन चेनमधला स्लॅश, शेवटचा स्टार, सगळं त्याचं तोच भरतो.

पाषाणकर: म्हणजे स्क्रिप्टच. माझंच म्हणणं.

सिंहगड_रोड: अर्धंच. टार्गेट, म्हणजे ज्याचं मॉडेल हवंय ते प्रोटीन, अजून फास्टातूनच येतंय. कोलॅबफोल्ड या रचनेचा अंदाज करणाऱ्या साधनासाठी केलेल्या फाइलीत दोन चेनमध्ये कोलन असतो, इथे स्लॅश हवा. तो कोलन नुसता पुसून टाकलात तर हिमोग्लोबिनच्या अल्फा चेनचं शेपूट आणि बीटा चेनचं डोकं एकाच चेनमध्ये जोडलं जातं. टार्गेटचं मेथिओनिन ठेवायचं असेल, तर टेम्प्लेटच्या ओळीत त्याच्यासमोर डॅश. हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा गट) हवं असेल तर हेटॅटम (अमिनो आम्लांव्यतिरिक्तचे अणू वाचण्याची सेटिंग) चालू करून दोन्ही ओळींत टिंब. हेटॅटम बंद ठेवून टिंब दिलं की पुन्हा तीच फरकाची तक्रार.

औंधवाले: मेथिओनिन ठेवूच नका. पेशीतच ते कापलं जातं, मॉडेलमध्ये नुसतं लोंबत राहील.

सिंहगड_रोड: हे मान्य. पण हे स्क्रिप्टला कोण सांगणार?