मर्सिडीज डब्ल्यू १२४: ऑटोमॅटिकची मॅन्युअल

प्रश्न (रत्नागिरी): माझी ऑटोमॅटिक डब्ल्यू १२४ मॅन्युअल करायची आहे, पाच गिअरचा बॉक्स मिळतोय. डोनर गाडीतून (जिचे सुटे भाग काढून घेणार तिच्यातून) आणखी काय काढून घेऊ?

उत्तर (मालवण): दादा, नुसत्या बॉक्सवर भागत नाही. पेडल असेंब्ली, क्लचचे मास्टर-स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणारी जोडी), फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक), प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा), क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा आधार) त्याच गाडीचे घ्या. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला पायलट बेअरिंग हे छोटं बेअरिंग हवंच. नसेल तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टला (इंजिनकडून आत येणाऱ्या दांड्याला) आधार राहत नाही, बॉक्स ओरडतो. फ्लायव्हील जुन्या फ्लेक्सप्लेटशी (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती पातळ चकती) जुळवून बॅलन्स करा, नाहीतर इंजिन थरथरेल.

उत्तर (देवगड): न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (ऑटोमॅटिक गिअरमध्ये असताना स्टार्टर अडवतो त्याच्या) वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. थेट जोडल्यात तर गिअरमध्येही स्टार्टर फिरेल, गाडी उडी मारेल. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत जुना स्लेव्ह गंजलेलाच निघतो, नवाच बसवा. क्लचला तेल ब्रेकच्याच टाकीतून येतं, त्यामुळे डॉट ४ ब्रेक ऑइल ताजं भरा.