तोरणा-राजगड लूप पळत, एकट्याने?

प्रश्न: वेल्ह्यातून तोरणा (१४०३ मीटर), मग त्याच्याच बुधला माचीवरून राजगड, गुंजवण्यात उतरून रस्त्याने परत वेल्हे असा लूप डिसेंबरात पळायचाय, सिंहगड नेहमी करतो, पाणी किती घेऊ?

– तीन लिटर तरी घे रे, बुधला माची सोडली की राजगडाच्या संजीवनी माचीपर्यंत धारेवर भरवशाचं पाणी नाही आणि ऊन चढलं की सावलीही नाही

– पाण्यापेक्षा उतरणीचं बघ. बुधल्याखाली वाळलेल्या गवतावर, सुट्ट्या मुरमावर बूट सरकतो, तिथे पळूच नकोस, सरळ बसून उतर. संजीवनीच्या अळू दरवाजातून राजगडात शिरलास की निम्मं टेन्शन गेलं, पुढे गुंजवण्याकडे उतरताना चोर दरवाजाला रेलिंग आहे

– एकटा नको जाऊस प्लीज, धारेवर रेंज जाते-येते, ऑफलाइन मॅप टाक आणि घरी वेळ सांगून ठेव