आमच्या घरातले व्हॅक्यूम क्लीनर : जुने यंत्र ठेवावे की द्यावे?

मृण्मयी, डोंबिवली

तुमच्या घरी आजवर कोणकोणते व्हॅक्यूम क्लीनर होऊन गेले, ते कोणी वापरले आणि किती टिकले, हे मला सविस्तर वाचायला आवडेल. आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे आणि बाबांनी १९८७ साली घेतलेले यंत्र नव्या घरी न्यावे की भंगारात द्यावे, यावर आमच्यात एकमत होत नाही, म्हणून विचारते आहे.

युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली सुरू झाली आणि टाय बांधलेले तिचे विक्रेते दारोदार जाऊन युरोक्लीन या तिच्या व्हॅक्यूम क्लीनरचे प्रात्यक्षिक दाखवू लागले, हे त्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. आमच्याकडे आलेल्या मुलाने आईकडे घरातली सर्वांत स्वच्छ गादी मागितली. आईने नुकतीच गच्चीवर उन्हात घालून काठीने झोडपलेली कापसाची गादी पुढे केली. त्याने नळीच्या तोंडात पांढरा रुमाल अडकवला, गादीच्या हातभर भागावरून नळी सावकाश फिरवली आणि रुमालावर उमटलेले करड्या भुकटीचे वर्तुळ तिला दाखवले. आई काहीच बोलली नाही. बाबांनी मात्र हप्ते कसे पडतील याची चौकशी सुरू केली.

रोजचा केर आई त्यानंतरही केरसुणीनेच काढत राहिली. दोन खोल्यांची मोझॅइकची फरशी झाडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यंत्र माळ्यावरून खाली येऊन नळ्याही जोडून होत नसत. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मात्र बाबा ते स्वतः उतरवत आणि गाद्या, सोफा, पुस्तकांचे कपाट, पंख्याची पाती अशा क्रमाने रविवारचा पूर्ण दिवस त्यात घालवत. ज्यांनी आयुष्यात कधी झाडू हातात घेतला नव्हता, त्या बाबांनी साफसफाईचे एवढे मोठे काम आपणहून अंगावर घेतले, याचे श्रेय मी त्या यंत्राला देते. २००१ साली आम्ही दुसरे, आकाराने लहान यंत्र घेतले. ते चार वर्षांत बंद पडले आणि त्याचे सुटे भाग मिळाले नाहीत. पहिले यंत्र बाबांच्या पश्चात कोणी चालवलेले नाही. ते दुरुस्त करून वापरणे सुरक्षित ठरेल का?

दिगंबर, नाशिक

मृण्मयीताई, भंगारात देण्याची घाई करू नका. मी नाशिकमध्ये मोटर वाइंडिंगचे दुकान चालवत होतो आणि मिक्सर व पाण्याच्या पंपांच्या खालोखाल माझ्याकडे हीच यंत्रे येत असत, त्यामुळे अनुभवाने थोडे सांगू शकतो.

या यंत्रात कार्बन ब्रशवर, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणाऱ्या आणि हळूहळू झिजणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर, चालणारी युनिव्हर्सल मोटर असते. आपला छताचा पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, तर ही मोटर २० ते ३० हजार फेरे घेते. त्यामुळे तिचे आयुष्य वर्षांत न मोजता ती किती तास चालली यावर मोजावे लागते. वर्षातून दोन वेळा बाहेर निघालेल्या यंत्राची मोटर इतक्या वर्षांनंतरही उत्तम असू शकते. म्हातारे होतात ते बाकीचे भाग. वायरवरचे आवरण कडक होऊन तडकते, झाकणाभोवतीचे रबर चिकट होते, बेअरिंगमधले ग्रीस सुकते आणि नळी वळणावर फाटते. म्हणून यंत्र थेट प्लगला लावू नका. वायर नवी बसवून घ्या, वीज कुठे गळत नाही ना हे मोजणाऱ्या मेगर या उपकरणाने इन्सुलेशन तपासून घ्या, कार्बन काढून त्यांची लांबी पाहा आणि आतला पंखा हाताने फिरवून तो कुठे अडत नाही ना, याची खात्री करून घ्या. एवढे सगळे ठीक असेल, तर ते यंत्र वापरण्यास माझी हरकत नाही.

तुमच्या बाबांना एक गोष्ट नक्की ठाऊक असणार, ती इतरांसाठी लिहितो. पिशवी भरली किंवा नळी तुंबली की यंत्राचा आवाज चढतो. अनेकांना वाटते की ते आता जास्त जोर लावून धूळ ओढत आहे. प्रत्यक्षात पंख्याला ढकलायला हवाच न मिळाल्याने मोटरवरचा भार उतरतो आणि ती अधिक वेगाने पळू लागते. आणि बहुतेक घरगुती यंत्रांत तीच हवा पुढे मोटरला थंडही करत असल्याने काही मिनिटांत वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे, तापते. माझ्याकडे जळून आलेल्या मोटरींपैकी कितीतरी केवळ वेळेवर पिशवी न झटकल्यामुळे गेलेल्या होत्या.

आमच्या स्वतःच्या घरचे पहिले यंत्र एका ग्राहकाने दुरुस्तीचा खर्च ऐकून दुकानातच सोडलेले होते. मी ते आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बदलून घरी नेले. पत्नीने त्याचा उपयोग मी कल्पनाही केली नव्हती असा केला. मागच्या बाजूच्या तोंडाला नळी जोडली की हवा बाहेर फेकली जाते, आणि त्या झोताने ती आपल्या शिलाई मशिनच्या दातऱ्यांत आणि बॉबिनच्या खणात साचलेला कापसाचा भुगा उडवून काढत असे. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलीही नंतर आपापली मशिने घेऊन येऊ लागल्या.

दुसरे यंत्र ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही कामांचे होते. २००८ साली गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी दुकानात शिरले, आणि पूर ओसरल्यावर कोपऱ्यांत व कपाटांखाली राहिलेले गढूळ पाणी आम्ही बापलेकांनी त्या यंत्राने उपसले. त्याच्या टाकीत एक तरंगता चेंडू असतो. पाणी वरपर्यंत आले की तो उचलला जाऊन शोषणाचे तोंड बंद करतो आणि पाणी मोटरपर्यंत पोहोचत नाही. मोटर थंड करणारी हवाही त्यात स्वतंत्र वाटेने येते. तुमच्या कोरड्या यंत्राने मात्र सांडलेले पाणी चुकूनही ओढू नका.

अनघा, न्यू जर्सी

मृण्मयी, आमच्याकडची गोष्ट जमिनीपासूनच वेगळी आहे. १९९४ साली आम्ही इथे आलो तेव्हा भाड्याच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला होता. केरसुणीचा तिथे काहीच उपयोग नव्हता, त्यामुळे भांडी आणि गाद्यांच्या पाठोपाठ व्हॅक्यूम क्लीनर हीच घरातली तिसरी खरेदी ठरली. जवळच एका कुटुंबाने घर बदलताना अंगणात मांडलेल्या सामानातून आम्ही जुने हूवर घेतले. ते उभे, मुठीला धरून ढकलायचे यंत्र होते. त्याच्या पोटाशी केसाळ रूळ असतो आणि मोटरवरून आलेल्या रबरी पट्ट्याने तो फिरतो. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली रेती तो आधी झटकून वर काढतो आणि मग ती हवेबरोबर ओढली जाते. आम्हा मायलेकींचे लांब केस त्या रुळाला गुंडाळले जात आणि ते कात्रीने कापून काढण्याचे काम दर शनिवारी माझ्या यजमानांकडे असे. घर झाडणेही त्यांच्याकडेच होते. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलाला हे करताना पाहून त्या अस्वस्थ झाल्या. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःच यंत्र मागून घेतले आणि जिना सोडून सगळे घर झाडले.

हूवरच्या जन्माची कथा मला इथे वाचनालयात सापडली आणि ती माझ्या फार आवडीची आहे. जेम्स मरी स्पँग्लर हे ओहायोतील कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करत असत आणि त्यांना दम्याचा विकार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्रास होतो म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र तयार केले. १९०८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे ते हक्क हूवर कुटुंबाने घेतले. ज्याच्या हातात रोज झाडू होता, त्याच माणसाने हे यंत्र घडवले, याचा मला आदर वाटतो.

एक सूचना करते. इथून भारतात जाणारे लोक पुष्कळदा आपला व्हॅक्यूम क्लीनर बरोबर नेण्याचा विचार करतात. इथली वीज १२० व्होल्टची आहे आणि भारतातली २३० व्होल्टची. हजार वॉटच्या वर जाणाऱ्या यंत्रासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर वजनाने यंत्राहून जड भरतो. ते यंत्र इथेच कोणाला तरी देऊन यावे.

वैशाली, कोल्हापूर

अनघाताईंनी दम्याचा उल्लेख केला, म्हणून मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरात यंत्र आले ते मुलाच्या दम्यामुळेच. मृण्मयीताई, तुमच्या निर्णयाशीही याचा संबंध आहे.

आमचे पहिले यंत्र कापडी पिशवीचे होते. ते चालू केले की खोलीत तापलेल्या धुळीचा एक ठरावीक वास पसरे आणि त्या रात्री मुलाला हमखास खोकला येई. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. जाड कचरा पिशवीत अडकतो, परंतु अगदी बारीक धूळ कापडाच्या विणीतून निसटते आणि मागच्या झोताबरोबर पुन्हा खोलीभर पसरते. जमिनीवर स्वस्थ बसलेली धूळ आपणच श्वासाच्या उंचीवर आणून सोडतो. गाद्यांत राहणारे धुळीचे किडे सुमारे पाव मिलिमीटरचे असतात, पण त्रास होतो तो प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेच्या कणांमुळे, आणि ते कण त्याहूनही पुष्कळ लहान असतात.

त्यानंतर आम्ही हेपा फिल्टरचे यंत्र घेतले. असा फिल्टर ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. परंतु फिल्टर चांगला असूनही तो ज्या खाचेत बसतो तिथले रबर सैल असेल तर हवा बाजूने निघून जाते, त्यामुळे मी दर वेळी ते रबर बोटाने दाबून पाहते. आमचा नियम असा होता की मुलगा घरात नसताना गाद्या साफ करायच्या, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. जिवंत किडे धाग्यांना घट्ट धरून बसतात आणि केवळ शोषणाने निघत नाहीत, म्हणून चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणेही तितकेच आवश्यक आहे. मुलगा आता नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो आणि त्याने स्वतःच्या खोलीसाठी सर्वांत आधी विकत घेतलेली वस्तू म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर होती, हे त्याने मला फोनवर सांगितले तेव्हा मला फार समाधान वाटले.

तुमच्या घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल, तर १९८७ चे यंत्र गाद्यांवर वापरू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

सचिन, पुणे

आमच्याकडे आई-वडिलांसाठी घेतलेले, आपोआप घरभर फिरून केर काढणारे यंत्र आहे. आईची पाठ दुखते आणि वडिलांना आता वाकवत नाही. आयरोबॉट कंपनीने रूंबा हे असेच यंत्र २००२ साली बाजारात आणले, परंतु आपल्या घरांत अशी यंत्रे रुळली ती अलीकडे, केर काढून फरशीही पुसणारे प्रकार मिळू लागल्यावर. उंबरठा उंच असेल तर ते अडते, पायपुसणे गिळू पाहते आणि दारातली रांगोळी पुसून टाकते, म्हणून आईने देवघरासमोर आणि दाराशी त्याला मनाई करणारी रेघ मोबाइलवर आखून घेतली आहे. वडील रोज सकाळी त्याची पेटी रिकामी करतात, कुंचल्यातले केस काढतात आणि चाके पुसतात. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. गाद्या, पंखे आणि पडदे मात्र त्याच्या आवाक्यात नाहीत. त्यासाठी जुन्या पद्धतीचे नळीचे यंत्र लागतेच, असे माझे मत आहे.

मृण्मयी, डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. दिगंबरकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून यंत्र उघडून घेतले. वायर खरोखरच तडकलेली होती आणि ती बदलली. कार्बन अर्ध्याहून अधिक शिल्लक आहेत आणि इन्सुलेशनही ठीक निघाले. खोक्यात बाबांनी वहीचा एक कागद ठेवला होता. पिशवी कोणत्या महिन्यात झटकली आणि मोटर कधी पुसली याच्या नोंदी त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात आहेत. वैशालीताई, माझ्या भाचीला धुळीचा त्रास आहे, म्हणून गाद्यांसाठी हेपा फिल्टरचे नवे यंत्र घेण्याचे ठरवले आहे, आणि बाबांचे यंत्र गॅलरीतल्या खिडक्यांच्या खाचा आणि गाडीची आतली बाजू यांसाठी वापरू. मूळ नळी मात्र दोन ठिकाणी फाटली आहे. बाजारात मिळणारी नळी तिला बसेल का?

दिगंबर, नाशिक

ताई, नळी बसेल. या यंत्रांच्या नळ्या बहुधा ३२ किंवा ३५ मिलिमीटरच्या असतात, तेव्हा दुकानात जाण्याआधी धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्या. यंत्राकडचे फिरकीचे टोक जुन्या नळीवरून फिरवून काढता येते. ते गरम पाण्यात काही मिनिटे ठेवले की सैल होते. तेच टोक नव्या नळीवर चढवा आणि ते फेकून देऊ नका, कारण त्या मापाचे टोक आता सुटे मिळणे कठीण आहे.