बीटी कपाशी: जनुक चाललं, मग बोंडअळी परत कशी आली?

काळी_माती (प्रश्न)
जनुकशास्त्रातला नवा शोध म्हणजे प्रगती, असं आपण धरूनच चालतो. बीटी कपाशीत (बोंडअळीला मारणारं विष झाडातच बनवणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी) मात्र हे गणित अडतं. २००२ ला एका जनुकाची बोलगार्ड ही बीटी जात आली, २००६ ला दोन जनुकांची बोलगार्ड-२. देशाचं रुईचं उत्पादन हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होतं, ते २००७-०८ ला ५५४ वर गेलं, पुढे ४५० च्या आगेमागे घसरलं. २०१७ ला गुलाबी अळीने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरली, त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. जनुक नापास झालं की आपण? कंपनीला किंवा सरकारला शिव्या नकोत, कारणं सांगा.

सरकी_रेचा
आधी अळ्या वेगळ्या करा. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते. त्यामुळे बीटीच्या विषाशी कधीच गाठ न पडलेले पतंग बाहेरून येत राहतात, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पातळ होतो. म्हणून तिच्यावर बीटी टिकली. गुलाबीचा संसार आपल्याकडे जवळपास कपाशीवरच. तिच्यासाठी बिगर-बीटी कपाशी मुद्दाम लावणं एवढाच मार्ग होता.

नियमही तसाच होता: ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी, कडेने ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. बहुतेक शिवारांत ती पुडी मातीत गेलीच नाही. काही पाकिटांत तर तूर असायची. हिरवीला ठीक, गुलाबीला तिचा काडीचा उपयोग नाही. पहिल्या जनुकाला गुजरातेत प्रतिकार आल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं. तोवर बोलगार्ड-२ सगळीकडे पसरली होती, पण पहिलं जनुक निकामी झाल्यावर गुलाबीपुरती तीही एकाच जनुकाची राहिली.

उत्पादनाच्या आकड्याबद्दल: ३०० ते ५५४ ही सगळी उडी जनुकाची नाही. गुजरातेत वाढलेलं ओलित, खतं, रसशोषक किडींवरची नवी औषधं यांचाही त्यात वाटा आहे.

अर्धा_संकर
आश्रय ओळींच्या (कडेच्या बिगर-बीटी कपाशीच्या) पलीकडे आणखी एक मुद्दा आहे, त्यावर कमी बोललं जातं. आपल्याकडे बीटी आली ती संकरित बियाण्यात. अनेक संकरांत जनुक एकाच पालकाकडून येतं, म्हणजे झाडात एकच प्रत. त्या झाडाच्या बोंडातल्या सरकीत मेंडेलचा हिशेब लागतो: दर ४ दाण्यांत सरासरी १ दाणा त्या जनुकाशिवाय. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी असले की अर्धवट प्रतिकार असलेली अळीही जगते. प्रतिकार घडवायचा कारखानाच म्हणा.

शिवाय हे संकर १६०-१८० दिवस उभे राहतात, आणि ऑक्टोबरनंतरच गुलाबीचा जोर वाढतो.

आता ॲरिझोना बघा. तिथेही हीच अळी. १९९६ पासून बीटी, पण आश्रय क्षेत्र पाळलेलं, ठरल्या तारखेपर्यंत पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली झाडं) गाडायची सक्ती, आणि २००६ पासून विमानातून वंध्य पतंग सोडले. २०१८ ला अमेरिकेने ही अळी कपाशीच्या पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच. म्हणून जनुकाला एकट्याला पास किंवा नापास करण्यात अर्थ नाही असं माझं मत.

संकरच का, हा प्रश्न बियाण्याच्या बाजारालाही विचारायला हवा. सरळ वाणाची सरकी शेतकरी घरी ठेवतो, संकराची दरवर्षी विकत घ्यावी लागते. ९० × ६० सेंमीवर एकरी सुमारे ७,५०० झाडं बसतात, तर कमी दिवसांचे सरळ वाण ९० × १५ वर लावले की ३०,००० च्या जवळ. झाड लहान, बोंडं थोडी, पण वेचणी लवकर संपते आणि अळीला हंगामाचा शेवटचा काळच मिळत नाही.

डोमकळी
तत्त्वचर्चा चालू द्या, पण जूनमध्ये बीटीच पेरणार असाल तर एवढं करा.

पेरणी मे महिन्यात नको. जूनच्या पावसावर पेरलं की सुप्तावस्थेतून निघालेल्या पहिल्या पतंगांना पाती-फुलं मिळत नाहीत, ते तसेच मरतात. ४५ दिवसांपासून एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), शेंड्याच्या फूटभर वर; पीक वाढलं की सापळाही वर सरकवायचा, हे हमखास राहतं. ल्यूर (वासाची गोळी) वेळेवर बदला. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले तर फवारणीची पातळी गाठली.

सापळ्यावर थांबू नका. एकरी २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांची तोडून फोडा. २ बोंडांत अळी म्हणजे १० टक्के, फवारायचंच. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं, कारण अळी शिरल्याचं छिद्र बुजतं. इथेच लोक फसतात. आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सुरुवातीला मारू नका, पांढरी माशी उसळते.

काळी_माती
आणि फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवणं)? ओलित आहे, भाव आहे, मार्चपर्यंत दोन वेचण्या जास्त निघतात.

डोमकळी
निघतात, पण कवडी (अळीने खराब केलेला कापूस) जास्त. आणि तुमच्या मार्चच्या पऱ्हाटीवर जगलेली अळी जूनला शेजाऱ्याच्या शेतात उतरते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथेही सापळे लावायला लावा, सरकीच्या ढिगातूनही पतंग निघतात.