प्रिंटर काढण्याआधी प्लगइन बघा

उबुंटू ही लिनक्स प्रणाली अपग्रेड केल्यावर एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर यादीत दिसतो पण कागद बाहेर येत नाही, त्यावर 'प्रिंटर डिलीट करून पुन्हा जोडा' असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. इतर प्रिंटरना तो लागू पडेलही, पण १०२० ची गोष्ट वेगळी आहे. या प्रिंटरमध्ये फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कायमचं साठवलेलं नसतं. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरच ते यूएसबीवरून पाठवतो. ते फर्मवेअर एचपीलिप या लिनक्ससाठीच्या एचपीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरच्या वेगळ्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) येतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपग्रेडमध्ये एचपीलिप नवं होतं, प्लगइन मात्र जुनंच राहतं, कारण त्याचा परवाना वेगळा असल्यामुळे ते उबुंटूच्या पॅकेजमधून येतच नाही. अशा वेळी प्रिंटर कितीही वेळा काढून जोडला तरी काय फरक पडणार?

नेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' ही कमांड द्या (इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ). ती जुळणारं प्लगइन स्वतः उतरवून घेते. नंतर प्रिंटर बंद करून चालू करा, म्हणजे फर्मवेअर नव्याने जाईल. ही पायरी बरेच जण विसरतात. आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला १०२० अपग्रेडनंतर असाच अडला होता आणि एवढ्यानेच सुरळीत झाला. इतके टिकाऊ प्रिंटर केवळ सॉफ्टवेअरपायी भंगारात जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. नवा घ्यायचं ठरवण्याआधी हे नक्की करून बघा.