सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

"फोन सर्व्हरशी सिंक होतोय, मग वेगळा बॅकअप कशाला?" हे मला अजिबात पटत नाही. सिंकमध्ये खोडणंही सिंक होतं! फोनवरून चुकून उडालेला संपर्क थोड्याच वेळात लॅपटॉपवरूनही जातो.

आणि स्वतःच्या फोनवर ऑफिसचा ईमेल जोडण्याआधी आयटीवाल्यांना एवढं नक्की विचारा: रिमोट वाइप केलं, म्हणजे फोनवरचा डेटा दुरूनच पुसला, तर फक्त कामाचा डेटा जाईल की अख्खा फोन? एक्सचेंज अ‍ॅक्टिव्हसिंकने (ऑफिसचा ईमेल फोनशी सिंक करण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत) थेट खातं जोडलं असेल तर सगळा फोन कोरा होऊ शकतो. अँड्रॉइडवर ५.० पासून (२०१४) वर्क प्रोफाइल आहे. कामाची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, नोकरी सोडताना तेवढाच कप्पा पुसता येतो, घरचे फोटो शाबूत. आयफोनवर आयओएस १३ पासून यूजर एनरोलमेंट ही कामाचा डेटा वेगळा ठेवणारी तशीच सोय आहे, तीच मागा.