परवाना न लागणारे वॉकी-टॉकी: धंद्यासाठी कुठले घ्यावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं गोदाम आहे. लोखंडी रॅक, वर पोटमाळा, मागे ट्रक लागतात ते आवार, शिवाय तळघर. कोणाला बोलवायचं तर फोन. म्हणजे हातमोजे काढा, लॉक उघडा, नंबर शोधा. तोवर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून गाव गोळा केलेलं असतं. बटण दाबलं की बोलता येईल असे सात-आठ सेट घ्यायचे आहेत. स्वतःची फ्रीक्वेन्सी घेऊन परवाना काढण्याएवढा आमचा पसारा नाही.

एक विक्रेता म्हणतो, ५ वॅटचा प्रोग्रॅम होणारा सेट घ्या, ४४६ मेगाहर्ट्झवर लावून देतो, परवान्याचं कोण विचारतंय! हे चालतं का? खोक्यावर लिहिलेले दहा-दहा किलोमीटर कितपत खरे? आणि ‘प्रायव्हसी कोड’ लावला की बाहेरच्याला ऐकू येत नाही ना? सिमवर चालणारेही सेट दिसले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खरखर:
विक्रेत्याला रामराम करा. परवान्याची माफी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात, अटी पाळणाऱ्या सेटला असते. युरोपात विनापरवाना वॉकी-टॉकीच्या पट्ट्याला पीएमआर४४६ म्हणतात: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त अर्धा वॅट आणि न निघणारा अँटेना. ५ वॅटचा सेट त्याच चॅनेलवर लावला तरी तो त्यात बसत नाही. भारतातही हाच पट्टा खुला आहे, पण सेटच्या मॉडेलला ईटीए (सरकारची उपकरणाच्या प्रकाराला मंजुरी) हवी. विकत घेण्याआधी ती मागून बघा.

अमेरिकेत चित्र वेगळं. तिथे एफआरएस (२२ चॅनेल, चॅनेलप्रमाणे अर्धा किंवा २ वॅट) आणि मर्स (१५१-१५४ मेगाहर्ट्झमधले ५ चॅनेल) या दोन रेडिओ सेवा धंद्यालाही विनापरवाना चालतात. जीएमआरएस या तिसऱ्या सेवेला परवाना लागतो आणि तो कंपनीच्या नावावर मिळत नाही. ४४६ तिथे हॅमवाल्यांच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) पट्ट्यात येतं. देशोदेशी नियम असे वेगळे, त्यामुळे परदेशातून कुणी ‘स्वस्तात’ सेट आणून देतो म्हणाला तर नको म्हणा.

तारायंत्र:
किलोमीटरचे आकडे डोंगरावरून डोंगरावर बोलणाऱ्यांसाठी. मध्ये भिंती आणि लोखंड आलं की खेळ काहीशे मीटरवर येतो, कधी त्याहून कमी. मोकळ्या रानात व्हीएचएफ (कमी फ्रीक्वेन्सी, मर्ससारखी) बरं, इमारतीच्या आत यूएचएफ (जास्त फ्रीक्वेन्सी, ४४६ त्यातलंच). अर्ध्या वॅटला नाक मुरडू नका. रॅकच्या गल्लीत पॉवर वाढवण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरकून जास्त फरक पडतो.

प्रायव्हसी कोड हे नाव फसवं आहे. आवाजाखाली एक बारीक सूर जातो. तुमचा सेट तो सूर असेल तेवढंच ऐकवतो, बाकीच्यांना गप्प करतो. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवर कोड न लावता बसलेल्या कोणालाही स्वच्छ ऐकू जातं. गिऱ्हाइकाचं नाव, रोख रकमेचा आकडा असलं काही त्यावर बोलू नये. शेजारच्यानेही तोच चॅनेल घेतला तर तक्रारीला जागा नाही, सामाईक विहीर आहे ती.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. ५ वॅटचा विषय संपला. पण तळघराचं काय? सिमवाले घेऊ का?

खरखर:
तळघरात फोनला रेंज येते का? येत नसेल तर सिमवाला सेटही मुका, कारण तो मोबाइलच्याच नेटवर्कवर बोलतो. दोन शहरांतल्या शाखा जोडायच्या असतील तर त्याला तोड नाही, शिवाय फ्रीक्वेन्सीची कटकट मोबाइल कंपनीच्या गळ्यात. फक्त दरमहा रिचार्ज.

आधी अर्ध्या वॅटचे दोनच सेट आणा. एक माणूस तळघराच्या पार आतल्या कोपऱ्यात, दुसरा आवारात, आणि तेही रॅक मालाने भरलेले असताना. रिकाम्या गोदामात सगळेच सेट छान वाजतात. ऐकू आलं नाही तर जिन्याच्या तोंडाशी बसणाऱ्याकडे एक सेट द्या, तो निरोप पुढे सरकवेल. बाकीचे सहा त्यानंतर घ्या.